पाच जणींचं बिऱ्हाड

कोकणात बंद घरं किती आहेत ते वेगळं सांगायला नको. आमच्या वाडीत फेरी मारली तर उघडी कमी आणि कुलूपवाली जास्त, मालक नालासोपाऱ्याला नाहीतर डोंबिवलीला, घर उघडणार गणपतीत, शिमग्याला आणि फार तर मे महिन्यात. तरी भाड्याने घर मागायला जाऊन बघा. पहिलं म्हणजे घर एकाचं नसतंच. घरपट्टीवर अजून आजोबांचं नाव, खाली चार चुलत्यांचे वारस, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दुसरं म्हणजे देव त्या घरात बसतो, म्हणजे गणपतीत घर मोकळं पाहिजेच पाहिजे. आणि या दोन्हीतून पार पडून कोणी हो म्हणालाच तर विचारणार, "राहणार कोण?" तिथे सगळं अडायचं, कारण राहणार होत्या मनोरुग्णालयातून येणाऱ्या पाच बायका.

मी सोशल वर्कर, रत्नागिरी जिल्ह्यातलीच, एका लहान संस्थेत काम करते. काम काय, तर ज्या बायका दहा-दहा वीस-वीस वर्षं मनोरुग्णालयात आहेत, आजार औषधाने आटोक्यात आहे, डॉक्टर म्हणतात आता ॲडमिट ठेवायचं कारण नाही, पण घरचे न्यायला येत नाहीत किंवा घर कुठलं तेच माहीत नाही, त्यांना गावात साध्या घरात राहायला आणायचं. चार-पाच जणींचं एक बिऱ्हाड आणि सोबत एक मदतनीस बाई. कल्पना आमची नाही. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेने 2015 मध्ये होम अगेन नावाने हे सुरू केलं, त्यावरून आम्ही शिकलो. इकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा फाउंडेशन आहे, त्यांना 2018 चं मॅगसेसे मिळालं, ते रस्त्यावर सापडलेल्या माणसांना बरं करून घरच्यांकडे पोचवतात. फार मोठं काम आहे ते. पण जिला पोचवायला घरच उरलेलं नाही तिचं काय, आमचं काम तिथून सुरू होतं.

कायदा आमच्या बाजूने आहे हे आधी सांगून टाकते. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, लागू झाला 2018 ला, त्याचं कलम 19 मला आता तोंडपाठ आहे. घरचे नाहीत, घरचे नेत नाहीत, बेघर आहे, बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही आणि ती बाहेरची सोय करणं सरकारचं काम. 2019 ला सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारलाच सांगितलं होतं की अशा लोकांना भिक्षेकरीगृहात नि वृद्धाश्रमात हलवताय ते थांबवा. इटलीत तर 1978 च्या कायद्यानंतर मनोरुग्णालयंच हळूहळू बंद केली, ट्रेनिंगमध्ये आम्हाला ट्रिएस्टे शहराचे फोटो दाखवतात, आम्ही बघतो, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा आपला तोच विषय, कोणाच्या ओळखीत घर आहे का.

घर मिळालं ते माझ्या आईच्या ओळखीने. चिऱ्याचं, कौलारू, ओटी, माजघर, मागे पडवी, विहिरीला बारमाही पाणी, संडास-बाथरूम नवीन. मालक मुंबईत नोकरी करून रिटायर झालेले काका. भावांशी बोलणं झालेलं, घरचं माणूस नसलं की वाळवी लागते म्हणून घर वापरात राहिलं तर त्यांना हवंच होतं. अटी दोन. गणपतीत आम्ही येणार आणि देव माजघरात बसतो तो तिथेच बसणार. आणि शिमग्याला पालखी घरी येते, त्या दिवशी दार उघडं पाहिजे, ओटी भरायला माणूस पाहिजे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये दोन्ही अटी आम्ही लिहूनच घेतल्या. वकील म्हणाला, मॅडम, पालखीचं कलम ॲग्रीमेंटमध्ये मी पहिल्यांदाच टाकतोय.

आता येणार कोण हे ठरवणं. वॉर्डात जाऊन "तुम्हाला बाहेर राहायला आवडेल का" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही सांगाल तसं, मॅडम." वीस वर्षं कोणी काही विचारलंच नसेल तर दुसरं काय येणार. आमच्या सिनियर मॅडमनी आधीच बजावलेलं की हे उत्तर धरायचं नाही. म्हणून आम्ही त्यांना घर बघायला आणलं, ओटीवर बसून चहा घेतला, परत नेलं, मग काही दिवसांनी पुन्हा विचारलं. (नावं सगळी बदललेली आहेत.) तेव्हा शालूमावशीने उलट मलाच विचारलं, "तिकडे मासेवाली दारात येते काय?" बेबीआक्का काही बोलली नाही पण गाडीत बसायच्या आधी विहिरीत वाकून बघून आली होती. आणि एका ताईने स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. तिची मैत्रीण त्याच वॉर्डात आहे आणि मैत्रिणीची तब्येत बरी नसते, तिला सोडून मी येणार नाही. तिला आम्ही आणलं नाही. लिस्टमधलं नाव का गळलं अशी वरून विचारणा झाली, तर लिहून दिलं, बाई नाही म्हणाली. तिच्या जागी दुसरी आली.

कागदपत्रांचं सगळं सांगत बसले तर वाचणारा पळून जाईल, पण दोन गोष्टी सांगायलाच पाहिजेत. मानसिक आजार हा 2016 च्या दिव्यांग कायद्यात येतो, सिव्हिलमध्ये तपासणी होते, 40 टक्के किंवा जास्त आलं की सर्टिफिकेट मिळतं, त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा. त्या योजनेला अट काय, तर महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा दाखला. आता आमची लक्ष्मी, म्हणजे हे नाव पण वॉर्डातच ठेवलेलं, ती कोकण रेल्वेच्या स्टेशनवर पोलिसांना सापडलेली, भाषा ओडिया, गाव सांगता येत नाही. अठरा वर्षं सरकारच्या कॉटवर झोपलेल्या बाईने सरकारला दाखवायचं की मी सरकारच्या राज्यात राहत होते! शेवटी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधल्या क्लार्कने तिचा पहिला केसपेपर शोधून काढला, कडा वाळवीने खाल्लेल्या, तारीख मात्र शाबूत. त्या माणसाला मी आंब्याची पेटी पाठवली आणि त्याने ती परत पाठवली, नियमात बसत नाही म्हणून.

दुसरी गोष्ट बँकेची, कुठली ते जाऊ दे. या बायकांची खाती उघडायची होती. मॅनेजर म्हणाले यांची सही चालत नाही, गार्डियन आणा. मी म्हटलं कुठल्या नियमाने, तर म्हणाले अहो मेंटल पेशंट आहेत ना. 2017 च्या त्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस अस्थिर बुद्धीचा ठरत नाही, ते कोर्टाने ठरवावं लागतं. करार कायदा तर 1872 चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला, त्यात सुद्धा आहे की अधूनमधून बिघडणारा माणूस चांगला असताना करार करू शकतो. मी दोन्ही कलमांच्या प्रिंट काढून टेबलावर ठेवल्या. साहेब वाचत होते तेवढ्यात रजनीताईने समोरची स्लिप ओढली आणि इंग्रजीत सही केली. ती बी.ए. आहे हे मला माहीत होतं, साहेबांना नव्हतं. खाती उघडली.

खात्याची आणि आधारची बातमी कशी कोण जाणे पण रजनीताईच्या भावाला लागली. इतकी वर्षं पत्र नाही, फोन नाही, आणि एक दिवस भाऊ दारात, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि पिशवीत स्टॅम्प पेपर. हक्कसोडपत्र. हायवेच्या बाजूची जमीन आहे, सातबाऱ्याला वारस म्हणून बहिणीचं नाव लागलेलं, विकायची तर तिची सही पाहिजे. बऱ्याच केसमध्ये "घरचे नेत नाहीत" याच्या मागे आजार नसतो, सातबारा असतो, हे माझं स्पष्ट मत आहे आणि कोणाला राग आला तर येऊ दे. भाऊ गोड बोलत होता, ताई तू एकदा सही कर, मग तुला घरी घेऊन जातो. रजनीताईने पेढा खाल्ला, दुसरा बेबीआक्काला दिला आणि विचारलं, "माझा वाटा किती येतो?" तो म्हणाला तुला काय करायचाय वाटा. "तेच विचारतेय," ती म्हणाली. सही झाली नाही. पुढे आम्ही तिला तालुक्याच्या विधी सेवा समितीत नेलं, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. मॅटर चालू आहे. दिवाळीत भावाचा फोन आला होता, ती बोलली त्याच्याशी नीट, मुलांचं विचारलं. जमिनीचा विषय निघाल्यावर म्हणाली वकिलांशी बोल.

राहायला आल्यावरचे सुरुवातीचे दिवस. संध्याकाळी सात वाजले की सगळ्या आपापल्या कॉटवर जाऊन बसायच्या. दिवा बंद करू का विचारायच्या, संडासला जाऊ का विचारायच्या. जेवण पाच मिनिटांत संपवायचं, ताट हातात धरूनच. एकीच्या उशीखाली भाकरीचे तुकडे सापडायचे, त्याला मुंग्या. आमची मदतनीस सुमनताई, गावातलीच, तिने त्यावर काही लेक्चर दिलं नाही, फक्त भाकरीचा डबा फळीवरून काढून खाली ठेवला, झाकण न लावता, रात्री कोणीही उठून घ्यावी. मुंग्या डब्याला लागायला लागल्या पण उशी स्वच्छ झाली.

पण सगळ्यात वेळ गेला तो पैशात. मी तर म्हणेन आजार हा यातला लहान भाग, तो गोळीने आटोक्यात राहतो. व्यवहार वीस वर्षं बंद पडला की त्याला गोळी नाही. संस्थेत कोणाच्याच हातात पैसा नसतो, गरजच पडत नाही. आम्ही ठरवलं की दर आठवड्याला प्रत्येकीच्या हातात थोडे स्वतःचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे सामाईक डब्यात, हिशोब वहीत, आणि त्यात आम्ही बोलायचं नाही. शालूमावशी आत गेली तेव्हा चार आणे चालत होते, ते 2011 ला बंद झाले, 2016 ला जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या, मावशीला यातलं काहीच माहीत नाही, नवीन पाचशेची नोट उन्हात धरून म्हणाली ही खेळातली आहे.

मासेवाली आता स्कूटीवर येते, पण दारात येते. पहिल्या दिवशी शालूमावशीने बांगड्याचा भाव विचारला, मासेवाली म्हणाली दोनशेला वाटा, तर मावशी पाटीपासून उठूनच उभी राहिली. "दोनशे? सोन्याचे आहेत?" आणि आत निघून गेली. त्या दिवशी डाळ-भात. दुसऱ्या वेळी मावशी पाटीशी बसली, एक बांगडा उचलला, अंगठ्याने कल्ला उघडून बघितला, डोळा दाबून बघितला, खाली ठेवला, दुसरा उचलला. मासेवाली म्हणाली अगो मावशी, ताजेच आहेत, आत्ता जेटीवरून आणले. मावशी काही बोलेना. पाचवा की सहावा बांगडा बघून झाल्यावर म्हणाली, "बर्फातले आहेत. दीडशे." मासेवालीने माझ्याकडे बघितलं, मी विहिरीकडे बघितलं. एकशे सत्तरला ठरलं आणि वर दोन मांदेली मागून घेतली. डब्यातून पैसे मोजून दिले, उरलेले परत घेतले, ते पुन्हा मोजले. आता ती मासेवाली वाडीत पहिली हाक आमच्या दारात मारते, तक्रार करत करत.

उलटं पण होतं हां. बेबीआक्काने पहिल्या महिन्यातले सगळे पैसे वेफर्स नि थंड्यावर उडवले आणि एकदा एसटीने एकटीच रत्नागिरीला जाऊन आली. बायकांना अर्धं तिकीट आहे हे तिला कंडक्टरनेच सांगितलं, ती येऊन आम्हाला ऐकवत होती. सुमनताई दिवसभर जिवाला घोर लावून बसलेली. आमच्या मीटिंगमध्ये यावर मोठा वाद झाला, तिला एकटीला सोडायचं का. माझं म्हणणं होतं की ती गेली, फिरली, परत आली, यात आपला प्रॉब्लेम काय आहे? शेवटी ठरलं की मोबाईल घेऊन जायचं. मोबाईल ती चार्ज करत नाही, तो भाग वेगळा.

औषधांचं मात्र सैल सोडून चालत नाही. आमच्यातली एक क्लोझापिन या मनोविकारावरच्या गोळीवर आहे. त्याला सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, पांढऱ्या पेशी कमी होतात का बघायला. आणि ती गोळी दोन दिवसांच्या वर चुकली तर होती त्या डोसवर परत जाता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यायची. आता पावसाळ्यात कोकणात दोन दिवस रस्ता बंद पडणं म्हणजे काय नवल नाही, 22 जुलै 2021 ला चिपळूणचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून आगोटीच्या बेगमीत आमच्याकडे सुकट, आमसुलं, कांदे, फाटी यांच्यासोबत गोळ्यांचा पण साठा होतो. हे डॉक्टरांना समजावणं सोपं, स्टोअरच्या फार्मासिस्टला समजावणं अवघड, त्यांना महिन्याचंच द्यायची सवय.

गावाचं काय ते सांगते. येण्याआधीच देवळात बैठक झाली, मला बोलावलं. कोणी वाईट बोललं नाही, पण प्रश्न सगळे रात्रीचे. रात्री ओरडल्या तर? रात्री बाहेर पडल्या तर? विहिरीत उडी टाकली तर? मी माझा नंबर दिला, सुमनताईचा दिला, पोलीस पाटलांना आधीच भेटून आलेले ते सांगितलं. एका म्हाताऱ्या गावकराने विचारलं, बाहेरचं काय नाय ना? म्हणजे बाधा वगैरे. मी म्हटलं नाही हो आजोबा, आजार आहे, बीपीची असते तशी रोजची गोळी आहे. तेवढ्यावर सगळे समाधानी झाले असं नाही. शेजारच्या घरातली मुलं अजून बॉल आणायला आमच्या अंगणात येत नाहीत, बाहेरून हाक मारतात, मग बेबीआक्का बॉल फेकते.

शिमग्याला पालखी येणार की नाही यावर वाडीत कुजबुज होती. आली. ॲग्रीमेंटमुळे नाही, काकांनी मुंबईहून मानकऱ्यांना फोन केला होता. ढोल वाजत अंगणात पालखी नाचली, मग ओटीवर बसली, सुमनताईने ओटी भरली, गाऱ्हाणं सुरू झालं. गावकर घरमालकाचं नाव घेऊन त्यांच्या लेकराबाळांना सुखी ठेव म्हणतायत, सगळे व्हय म्हाराजा म्हणतायत, तर मधेच शालूमावशी मोठ्याने, "आमची पण नावं घ्या की!" ढोलवाले हसायला लागले. गावकर जरा थांबले, मग म्हणाले सांगा नावं. पाचही नावं झाली. लक्ष्मीने तिचं नाव स्वतः सांगितलं, मराठीत एवढंच स्पष्ट बोलते ती.

गणपतीत काकांची अकरा माणसं आली. आमच्या पाच जणी आणि सुमनताई मागच्या पडवीत. बाथरूमला लाईन, चपलांचा ढीग. पहिले दोन दिवस काकूंनी चहाचं पातेलं वेगळं ठेवलं, कप पण वेगळे. गौरी आल्या त्या दिवशी वाल सोलायला माणसं कमी पडली तेव्हा परात पडवीत आली आणि मग पातेलं एकच झालं, का तर गॅस एकच होता. जाताना काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लोणच्याची बरणी जागेवर नव्हती आणि माजघरातला पंखा आवाज करतो तो बघून घ्या. बाकी काही बोलल्या नाहीत, ॲग्रीमेंट मात्र वाढवलं.

नंतर एकदा बेबीआक्का बिघडली. रात्री भिंतीशी भांडायची, झोप बंद, गोळ्या जिभेखाली धरून थुंकलेल्या मोरीत सापडल्या. शेजाऱ्यांचा फोन माझ्याआधी पोलीस पाटलांना गेला. तिला ॲडमिट करावं लागलं, काही आठवडे आत होती. संस्थेत एक जण म्हणाले, आता ती कॉट दुसरीला द्या, वेटिंग आहे. आम्ही दिली नाही. आपण हार्टचं ऑपरेशन करून येईपर्यंत घरचे आपली कॉट भाड्याने देतात का? ती परत आली तेव्हा तिची कॉट तिथेच होती, चादर मात्र रजनीताईने स्वतःला घेतली होती, त्यावरून दोघींचं जुंपलं ते संध्याकाळपर्यंत.

सध्या दुसऱ्या घराचं बघतोय, या वेळी पुरुषांसाठी, त्यांना घर मिळणं अजून कठीण. खाडीच्या बाजूला एक बघून ठेवलंय, दोन खोल्या आणि लांब पडवी. मालक तयार आहे. त्याचे चुलतभाऊ चार, दोघांच्या सह्या झाल्या, तिसरा सुरतेला असतो, तो मे महिन्यात येईल. चौथा म्हणतो आधी पहिल्या घराच्या मालकांशी बोलतो, मग सांगतो. त्याला काकांचा नंबर दिलाय. काकूंनी पंख्याचं सांगू नये म्हणजे झालं, तो अजून दुरुस्त व्हायचाय.